वार्ताहर अण्णाभाऊ : जीवन, वृत्तपत्रीय लेखन आणि गद्याची घडण

१. प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अभ्यासात अण्णाभाऊ साठे यांचे नाव प्रामुख्याने दोन संदर्भांत घेतले जाते. एक, लोकशाहीर म्हणून; आणि दुसरे, दलित साहित्याचे पूर्वसूरी म्हणून. हे दोन्ही संदर्भ योग्य आहेत. परंतु त्यांच्यामुळे तिसरा एक संदर्भ बाजूला पडला आहे. अण्णाभाऊ हे काही काळ साम्यवादी पक्षाच्या साप्ताहिकाचे वार्ताहर होते आणि त्यांचे गद्य त्या कामाच्या सहवासात घडले. सुमारे पस्तीस कादंबऱ्या, दहाहून अधिक कथासंग्रह आणि एक प्रवासवर्णन एवढा गद्यसंभार मागे ठेवणाऱ्या या लेखकाचे मूल्यमापन करताना वार्ताहराची ही भूमिका लक्षात घेतली, तर त्याच्या गद्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचा उलगडा अधिक नीट होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मराठीचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांना या विषयाचे विशेष अगत्य वाटावे, याला कारणे आहेत. कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतून मुंबईच्या गिरण्यांकडे माणसांची रीघ लागली होती. मुंबईच्या डबेवाल्यांतही मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसांचा भरणा आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा होऊन प्राण देणारा बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा, आणि मुंबईत तो गिरणी कामगार होता. त्यानंतर एकदोन वर्षांतच वारणाकाठचे एक मांग कुटुंब पायी चालत त्याच मुंबईत पोहोचले. दुसरीकडे, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि पुढे विठाबाई नारायणगावकर यांच्या फडांनी ते नाव महाराष्ट्रभर नेले. गिरणगाव आणि तमाशाचा फड या दोन ठिकाणी अण्णाभाऊंची जडणघडण झाली, आणि ती दोन्ही या परिसराच्या परिचयाची आहेत.

२. वाटेगाव ते मुंबई

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (ता. वाळवा, तेव्हाचा सातारा जिल्हा, आजचा सांगली जिल्हा) येथे झाला. आईचे नाव वालुबाई. मांग जमातीवर त्या काळी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया होती. पोलीस पाटलाकडे हजेरी, गावात चोरी झाली की पहिला संशय, आणि गुन्हा केलेला नसतानाही गुन्हेगार हे नाव, असे ते जिणे होते. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. म्हणजे अण्णाभाऊंच्या आयुष्याची बत्तीस वर्षे तो अस्तित्वात होता. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत हजेरी, तुरुंग, फरारी आणि बंड हे विषय पुन:पुन्हा येतात, त्यामागे हा अनुभव आहे.

अण्णाभाऊंचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे, असे सांगितले जाते. शिक्षकाच्या वागणुकीमुळे शाळा सुटली ती कायमची. लाठीकाठी, दांडपट्टा, पोवाडे आणि लावण्या यांचे शिक्षण मात्र गावातच झाले. नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात त्यांचा वावर होता. फकिरा या बंडखोराच्या गोष्टी ऐकतच ते मोठे झाले. त्यांच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतील रुपये ओंजळीने घरात दिले, ही आठवण साठे घराण्यात सांगितली जात असे.

वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करीत. गावी दुष्काळाने जगणे अवघड झाले, तेव्हा १९३० नंतरच्या एकदोन वर्षांत हे कुटुंब वाटेगावहून मुंबईस निघाले. गाडीभाड्यास पैसा नव्हता. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल ते खात पायी केलेला हा प्रवास म्हणजे अण्णाभाऊंचे पहिले समाजदर्शन होय. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की यांच्याशी त्यांची तुलना वारंवार केली जाते. गॉर्की यांनीही शाळेबाहेर राहून, पायी भटकंती करून आणि प्रांतीय वृत्तपत्रांत लिहून आपले गद्य घडविले होते. तुलनेचा खरा आधार दोघांच्या दारिद्र्यापेक्षा या प्रक्रियेच्या साम्यात आहे.

३. लेबर कॅम्प आणि लाल बावटा

मुंबईत प्रथम भायखळा, नंतर माटुंग्याचा लेबर कॅम्प आणि पुढे घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी असा अण्णाभाऊंचा मुक्काम हलत राहिला. हमाली, घरगडी, गिरणीतील झाडूवाला अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके वाचत ते अक्षरे शिकले. ही गोष्ट त्यांच्या गद्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्याचे पहिले वाचन पाटी आणि पत्रक हे असते, त्याला लिहिलेला शब्द हा मुळातच सार्वजनिक, रस्त्यावरच्या माणसास उद्देशून असतो असे वाटणे स्वाभाविक आहे.

लेबर कॅम्पात रा. बा. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा सहवास लाभला. महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढाकार घेणारे आणि पुढे साम्यवादी झालेले मोरे हे आंबेडकरी चळवळ आणि कामगार चळवळ यांच्यामधला दुवा होते. अण्णाभाऊंच्या विचारातील या दोन धारांचा संगम येथूनच सुरू झाला. लेबर कॅम्पातील त्यांची पहिली रचना डासांविषयीची होती. हे वरवर विनोदी वाटते. परंतु वस्तीतील घाण, साचलेले पाणी आणि त्याकडे पाठ फिरविणारी व्यवस्था यांचे ते पद्यातील वार्तापत्रच होते.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पथकाच्या कार्यक्रमांत तमाशाचे जुने रूप नवे झाले. गणात देवाऐवजी भूमीला, श्रमिकाला आणि हुतात्म्यांना वंदन आले. वगात राजाऐवजी सावकार, शेटजी आणि निवडणुकीतील उमेदवार आले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'माझी मुंबई' ही लोकनाट्ये या काळातील आहेत. नारायणगावच्या फडांनी तमाशाची व्यावसायिक परंपरा जोपासली आणि लाल बावट्याने त्याच परंपरेला राजकीय व्यासपीठ दिले. या दोन प्रवाहांना एकमेकांचे विरोधी समजण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात सवालजबाब, हजरजबाबीपणा आणि प्रेक्षकाला थेट संबोधण्याची रीत दोहोंकडे एकच आहे.

४. 'लोकयुद्ध'चा वार्ताहर

याच सुमारास अण्णाभाऊ 'लोकयुद्ध' या पक्षाच्या साप्ताहिकात वार्ताहराचे काम करीत होते. सोव्हिएत रशियात १९२०च्या दशकात कारखान्यातील कामगारालाच वृत्तपत्राचा बातमीदार करण्याची प्रथा रूढ झाली होती. कामगाराने आपल्या खात्यातील, वस्तीतील घडामोड स्वत:च्या शब्दांत लिहावी, असा तिचा हेतू. तेथे वृत्तांत आणि कथा यांच्या सीमेवरचा एक गद्यप्रकारही विकसित झाला; त्यात घटना खरी, माणसे खरी, परंतु मांडणी गोष्टीची असे. अण्णाभाऊंचे वृत्तपत्रीय काम या प्रथेच्या जवळ जाणारे होते. वस्तीतला माणूसच वस्तीची बातमी देत होता.

त्यांचे पोवाडेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली आणि तिच्यावरचा पोवाडा चाळीचाळींतून गाजला. बंगालचा दुष्काळ, अमळनेरच्या कामगारांवरील १९४६ चा गोळीबार, पंजाब-दिल्लीची दंगल, तेलंगणाचा लढा या विषयांवरील रचनांची यादी म्हणजे त्या दशकातील ठळक बातम्यांची यादीच आहे. ज्या श्रोत्याला वृत्तपत्र वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत बातमी पोहोचविण्याचे काम डफावर होत होते. शाहीर आणि वार्ताहर या दोन भूमिका त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या.

मात्र येथे एक ताणही नोंदविला पाहिजे. १९४२ च्या चले जाव आंदोलनात साम्यवादी पक्ष सामील नव्हता. उलट अण्णाभाऊंचा सातारा जिल्हा नाना पाटील यांच्या प्रतिसरकारामुळे त्या आंदोलनाचे केंद्र बनला होता. पक्षाच्या पत्राचा वार्ताहर आणि वारणाकाठचा भूमिपुत्र यांच्यात हे अंतर होते. पुढे 'वारणेच्या खोऱ्यात' या कादंबरीत त्यांनी बेचाळीसच्या लढ्याला नायकपण दिले. वृत्तपत्रात जे लिहिता आले नाही ते कादंबरीत आले, असा याचा अर्थ लावता येतो. लेखकाची निष्ठा पक्षाहून जुन्या एका भूमीशी जोडलेली होती, हे यावरून दिसते.

५. कथा : नजर वार्ताहराची, कथन फडाचे

१९४९ साली 'मशाल' मध्ये 'माझी दिवाळी' ही अण्णाभाऊंची कथा प्रसिद्ध झाली आणि त्यांचे कथालेखन सुरू झाले. 'खुळंवाडा', 'बरबाद्या कंजारी', 'कृष्णाकाठच्या कथा', 'गजाआड', 'निखारा', 'चिरानगरची भुतं' हे त्यांचे काही संग्रह. हा काळ मराठी नवकथेचा होता. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींनी मनाच्या अंतर्भागाकडे मोर्चा वळविला असताना अण्णाभाऊ पात्राच्या पोटाकडे, मजुरीकडे आणि हातातल्या हत्याराकडे पाहत होते. त्यामुळे नवकथेच्या चर्चेत त्यांना स्थान मिळाले नाही.

'स्मशानातील सोनं' ही कथा या संदर्भात तपासावी. वारणाकाठचा भीमा हा पहिलवान गडी मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. उपासमारीच्या तोंडाशी असताना त्याला चितेच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि तो रात्री स्मशाने उकरू लागतो. प्रेताच्या वाट्यासाठी कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. अखेरीस एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारी बोटेच गेलेली असतात.

या कथेची रचना पाहता दोन गोष्टी जाणवतात. खाण बंद होणे आणि सुरू होणे ही बातमी आहे; कथेचा आरंभ आणि शेवट तिने बांधला आहे. मधला भाग मात्र वार्तापत्रातून येणे शक्य नव्हते. तेथे फडावरचा कथनकार बोलतो. भय, झुंज आणि रात्रीचे वर्णन चढत्या लयीत येते. वार्ताहराने कारण दिले, शाहिराने थरार दिला. हे दोन्ही जेथे जुळते तेथे अण्णाभाऊंची कथा श्रेष्ठ ठरते. भीमाच्या कृत्याबद्दल कथाकार त्याला दोषी ठरवीत नाही आणि त्याची कीवही करीत नाही. रोजगार आणि नीती यांचा संबंध तो वाचकापुढे ठेवतो.

'बरबाद्या कंजारी' मध्ये जातपंचायतीच्या विरोधात मुलीच्या बाजूने उभा राहणारा बाप आहे. 'मरीआईचा गाडा' मध्ये अंधश्रद्धेचा उपहास आहे, तर 'कोंबडीचोर' आणि 'सुलतान' या कथांत भूक माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत कशी आणते याचा शोध आहे. चोर हा जन्मत: चोर असतो, या गुन्हेगार जमाती कायद्याच्या गृहीतकाला दिलेले हे कथारूप उत्तर होय.

६. कादंबरी : 'फकिरा' आणि इतर

'फकिरा' (१९५९) ही अण्णाभाऊंची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. वि. स. खांडेकर यांची तिला प्रस्तावना आहे, ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. साम्यवादी लेखकाने आपली मुख्य कृती आंबेडकरांना अर्पण करावी, यात त्यांच्या वैचारिक प्रवासाची खूण आहे. त्याआधी २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले होते. पृथ्वीचा भार पुराणातील शेष वाहत नसून श्रमिक आणि दलित वाहतात, हा त्या भाषणातील विचार पुढील पिढीच्या साहित्यविचाराचा पाया ठरला.

कादंबरीत राणोजी गावासाठी जोगणी आणताना मारला जातो; त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात आपल्या माणसांना जगविण्यासाठी धान्य आणि खजिना लुटतो; आणि अखेरीस वेठीस धरलेल्या आप्तांच्या सुटकेसाठी स्वत: सरकारच्या स्वाधीन होतो. गावातील पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी या मांगांच्या पाठीशी उभे राहतात. हे चित्र भाबडे आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु व्यक्ती आणि व्यवस्था यांत फरक करण्याची, जातीने उच्च असलेल्या माणसातील न्यायबुद्धी नाकारायची नाही अशी लेखकाची ही भूमिका आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

आंबेगाव-जुन्नरच्या वाचकाला येथे होनाजी केंगले आठवल्यावाचून राहणार नाही. जांभोरीच्या या महादेव कोळी बंडकऱ्याने १८७३ नंतर सावकारांविरुद्ध टोळी उभारली आणि १८७६ साली तो पकडला गेला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर म्हणून नोंदला गेला. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांत त्याची ओळख वेगळी आहे. दप्तर आणि लोकस्मृती यांच्यातील हीच तफावत 'फकिरा'चा विषय आहे. लोकस्मृतीतील बंडकऱ्याला कादंबरीचे पान मिळाले, तर इतिहासाची बाजू कशी बदलते, याचे ते उदाहरण होय.

इतर कादंबऱ्यांचा दर्जा समान नाही. भटक्यांचे जीवन चित्रित करणारी 'माकडीचा माळ' आणि तमाशातील स्त्रीचे दु:ख मांडणारी 'वैजयंता' या लक्षणीय आहेत. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' यांसह त्यांच्या अनेक कृतींवर चित्रपट निघाले. पण बऱ्याच कादंबऱ्यांत शूर नायक, सुंदर नायिका, दुष्ट खलपुरुष आणि ठरावीक झुंज यांची पुनरावृत्ती आहे. लेखणीवर घर चालवावयाचे म्हणून भरभर लिहावे लागले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, या कृतींत वार्ताहराची नजर मागे पडते. माणूस काय काम करतो, किती मिळवितो, कोठे राहतो, हे सांगणे थांबले की त्यांचे गद्य केवळ रंजक होते.

७. रशियाचा प्रवास

१९६१ साली अण्णाभाऊ भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघटनेच्या वतीने रशियास गेले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्याचे फलित. ज्या स्टालिनग्राडवर त्यांनी चाळीत बसून पोवाडा रचला होता, त्या शहराचे नाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले. कवीच्या पोवाड्यातील नाव नकाशावरून नाहीसे झाले. स्टालिनच्या राजवटीतील दडपशाहीची कबुली सोव्हिएत नेतृत्वानेच १९५६ पासून देण्यास सुरुवात केली होती.

या प्रवासवर्णनात त्या दडपशाहीची चिकित्सा नाही, ही त्याची उणीव मान्य करावी लागते. पाहुण्याला जे दाखविले गेले ते त्याने पाहिले. तथापि पाहणारा कोण होता, हे विसरता कामा नये. मराठीतील परदेशप्रवासाची वर्णने बहुतांशी सुशिक्षित, सुस्थित लेखकांची आहेत. येथे झोपडपट्टीतील एक माणूस मॉस्कोच्या रस्त्यावरून चालत आहे. त्याची नजर राजवाड्यांपेक्षा रस्त्यांकडे, कामगाराच्या घराकडे आणि त्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे जाते. वाटेगावहून पायी निघालेल्या मुलाला श्रमिकाला प्रतिष्ठा देणारा देश पाहावयाचा होता. त्याला जे दिसले ते सर्व सत्य नव्हते. पण ज्या गोष्टीची त्याला भूक होती ती खरी होती.

८. अखेरची वर्षे

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची शाहिरी शिखरावर होती. गावी राहिलेल्या मैनेच्या विरहाची त्यांची छक्कड सीमाभागाच्या वियोगाचे रूपक म्हणून गाजली. परंतु तिचा वाच्यार्थही तितकाच खरा आहे. बायकामुलांना गावी ठेवून गिरणीत राबणाऱ्या प्रत्येकाचे ते गाणे होते. कुकडी-घोडच्या खोऱ्यांतील किती घरांत ते असे ऐकले गेले असेल, याची कल्पना करता येते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. शाहिराची परिस्थिती बदलली नाही. चिरागनगरच्या झोपडीत त्यांचे बरेचसे लेखन झाले. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना घर मिळाले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. आजारपण, एकाकीपण आणि दारिद्र्य यांनी हा शेवट घेरलेला होता. ज्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट चालले, त्या लेखकाच्या हाती फारसे काही उरले नाही.

मरणोत्तर सन्मान मात्र पुष्कळ झाले. १९९८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले. २००२ साली टपाल तिकीट निघाले. २०२० साली जन्मशताब्दी झाली. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अण्णाभाऊंचे गद्य दोन शाळांत शिकले : तमाशाचा फड आणि पक्षाचे साप्ताहिक. पहिलीने त्याला वेग, नाट्य आणि श्रोत्याशी थेट नाते दिले. दुसरीने त्याला वस्तुस्थितीचा आधार दिला. दोन्ही एकत्र आल्या तेथे 'स्मशानातील सोनं' आणि 'फकिरा' निर्माण झाल्या; दुसरी सुटली तेथे पुनरावृत्ती आली. ही कसोटी लावल्यास त्यांच्या विपुल लेखनातून श्रेष्ठ काय आणि सामान्य काय, हे आदर कमी न करता निवडता येते. केवळ जयंतीच्या गौरवाने किंवा केवळ कलावादी उपेक्षेने हे काम होणार नाही.

आपल्या वर्गांत आजही गिरणी कामगारांची नातवंडे बसतात. त्यांच्या आजोबांचे मुंबईतील जगणे, खोलीत दाटीवाटीने काढलेल्या रात्री, संप आणि गावी धाडलेली मनिऑर्डर हे सारे मराठी गद्यात कोठे आले आहे, असा प्रश्न त्यांना पडला पाहिजे. अण्णाभाऊंची कथा हे त्याचे एक उत्तर आहे. विद्यार्थ्याने ती वाचून घरी जावे, वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे लिहून ठेवावीत. वस्तीची बातमी वस्तीतल्याच माणसाने लिहावी, हे वार्ताहर अण्णाभाऊंचे काम त्यामुळे काही अंशी पुढे चालू राहील.